तबकडीत उरलेली बिली हॉलिडे

१७ जुलै १९५९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाईचे निधन झाले. यकृत आणि हृदय दोन्ही थकले होते. आजारपणातच अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून तिला रुग्णालयाच्या खाटेवर अटक झाली होती. बोटांचे ठसे तिथेच घेतले गेले आणि काही दिवस खोलीच्या दाराशी पोलीस बसून होते. बँकेत तिच्या नावावर सत्तर सेंट निघाले. अंगाला चिकटपट्टीने बांधून ठेवलेले साडेसातशे डॉलर, एवढीच काय ती रोकड. या बाईचे नाव बिली हॉलिडे.

ती गेली त्या दिवशीही तिच्या आवाजाच्या तबकड्या दुकानांत विकल्या जात होत्या. पंचवीस वर्षांत तिने शेकडो गाणी ध्वनिमुद्रित केली होती. आज जगात कुठेही जॅझ गायनाचा विषय निघाला की पहिल्या दोन-तीन नावांत तिचे नाव येते. गाणारणीच्या खात्यात सत्तर सेंट आणि गाणे मात्र साऱ्या जगाचे, हे कसे झाले? तिचे म्हणून जे आज आपल्या हाती आहे, ते कोणकोणत्या चाळण्यांतून गळून आपल्यापर्यंत आले? याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत जॅझ गायिका कशाला, असे कोणी विचारील. जॅझ आपल्याला वाटते तितके परके नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवत होते आणि गोव्याचे कितीतरी वादक त्यांच्याकडून ती विद्या उचलत होते. पुढे हेच गोवेकर वादक चित्रपटसंगीतात आले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटसारख्या ट्रम्पेटवादकाला हाताशी धरून १९५१ च्या ‘अलबेला’त जो धुमाकूळ घातला, त्यावर आपल्या आधीच्या पिढीने चित्रपटगृहात पैसे उधळले आहेत. शिवाय तबकडी हा तर आपल्या घरातलाच विषय. माडीवर कापडात गुंडाळून ठेवलेला ग्रामोफोन, त्याची चावी, सुयांची चपटी डबी आणि तीन मिनिटांत संपणारे नाट्यपद ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना बिली हॉलिडेची कहाणी समजायला वेळ लागणार नाही.

एकलव्याची विद्या

तिचा जन्म ७ एप्रिल १९१५ चा, फिलाडेल्फियाचा. बालपण बाल्टिमोरमध्ये गेले. मूळ नाव एलिनोरा. वडील क्लॅरेन्स हॉलिडे गिटार वाजवत आणि पुढे ते नावाजलेल्या वाद्यवृंदातही होते. पण त्यांनी आई-मुलीला कधी आपले म्हटले नाही. शाळा अर्धवट राहिली, सुधारगृह वाट्याला आले, लहान वयात नको ते सोसावे लागले. संगीताचे शिक्षण असे तिला कोणी दिले नाही.

तिचे गुरू दोघे: लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ. दोघेही तिला भेटले ते तबकडीतून. तिच्या आत्मचरित्रात ती सांगते की बाल्टिमोरमध्ये एका वेश्यागृहात ती वरकड कामे करी, आणि तिथे दिवाणखान्यात एक ग्रामोफोन होता. आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही तबकडी ऐकायला मिळावी म्हणून कामाचे पैसे सोडायलाही तिची तयारी असे. हे आत्मचरित्र तिने १९५६ मध्ये एका पत्रकाच्या मदतीने लिहिले आणि त्यातल्या सगळ्याच तपशिलांवर विसंबता येत नाही. पण तिचे गाणे ऐकले की एवढे नक्की पटते: बेसीच्या आवाजातला भरदारपणा आणि आर्मस्ट्राँगचे शब्द टाकण्याचे वळण तिने कानांनी टिपून घेतले होते. गुरूची मूर्ती समोर ठेवून एकलव्य शिकला. ही मुलगी फिरत्या तबकडीसमोर बसून शिकली. पुढे जिचे सारे संचित तबकडीतच उरायचे होते, तिची दीक्षाही तबकडीतूनच व्हावी हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ती लहानसहान मद्यगृहांतून गाऊ लागली. टेबलाटेबलाशी जाऊन गायचे आणि बक्षिसी गोळा करायची. १९३३ मध्ये जॉन हॅमंड नावाच्या बावीस वर्षांच्या, गर्भश्रीमंत घरातल्या आणि संगीताचे वेड असलेल्या तरुणाने तिला ऐकले. त्याच्या खटपटीमुळे २७ नोव्हेंबर १९३३ रोजी बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर तिचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. ती अठरा वर्षांची होती. गाणे तसे सामान्यच. आवाज चढ्या पट्टीत अडकल्यासारखा वाटतो आणि तिची घाईही जाणवते. पण पुढच्या बिलीचा मासला त्यात आहे.

या हॅमंडची गाठ आपल्याशीही पडते. जवळजवळ चार दशकांनी, १९७१ मध्ये, मुंबईत वाढलेल्या आशा पुथली या गायिकेला अमेरिकेत दारे उघडून देण्यात याच हॅमंडचा हात होता. ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या गाजलेल्या तबकडीवर तिचा आवाज आहे. म्हणजे बिलीला पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला नेणाऱ्या माणसाच्या कानाने मुंबईचाही एक आवाज निवडला.

ज्यूकबॉक्ससाठी केलेली गाणी

बिलीचे खरे काम सुरू झाले ते २ जुलै १९३५ रोजी. पियानोवादक टेडी विल्सनच्या नावाने ब्रन्स्विक कंपनीने काही तबकड्या काढायच्या ठरवल्या. त्यामागचा विचार सरळ धंद्याचा होता. त्या काळी अमेरिकेतल्या मद्यगृहांतून आणि उपाहारगृहांतून ज्यूकबॉक्स आले होते. नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजे. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या या यंत्रांसाठी स्वस्तात, पटापट माल हवा होता.

प्रकाशक आपली उत्तम गाणी गोऱ्या नामवंत गायकांकडे पाठवत. उरलेसुरले बिलीच्या वाट्याला येई. चार वादक इकडून, तीन तिकडून, ज्याला त्या दिवशी सवड असेल तो येई. कागदावर लिहिलेली स्वररचना बहुधा नसेच. जागेवर बसून ठरवायचे आणि एका बैठकीत चार गाणी उरकायची. गायिकेला ठरावीक रक्कम रोख मिळे. तबकडी किती खपली यावर तिचा काही हक्क नसे. तिच्या तरुण वयातली ही सारी गाणी, जी पुढे पन्नास-साठ वर्षे नव्या नव्या वेष्टनांत विकली गेली, ती अशी एकरकमी मजुरीवर झालेली आहेत. सत्तर सेंटांचे कोडे बरेचसे इथे उलगडते.

आणि तरीही याच स्वस्त मालात तिचे सर्वांत ताजे, आनंदी गाणे आहे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. विल्सनच्या तबकड्यांत आधी पियानो किंवा क्लॅरिनेट गाण्याची चाल मांडून जाई, मग मध्ये बिली एकदाच अख्खे गाणे गाई आणि शेवटी पुन्हा वादक. म्हणजे गायिका मुख्य आणि बाकीचे साथीला अशी मांडणीच नव्हती. ती त्या मंडळींतली एक वादक होती. तिला मिळे तो एक फेरा आणि त्यातच काय ते सांगायचे.

ते ती कसे सांगे? तिच्या आवाजाचा पल्ला फार तर सव्वा सप्तकाचा. ताना नाहीत, फिरत नाही. तिची सारी करामत लयीत. ताल पुढे चालला आहे आणि ही शब्द थोडा मागे धरून ठेवते. ऐकणाऱ्याला वाटते, आता ही चुकणार. आणि नेमकी वेळ साधून ती पोचते. आपल्याकडे समेची वाट पाहायला लावणारा गवई जसा श्रोत्यांना अधीर करतो, तसाच हा खेळ, फक्त इथे तो एकेका शब्दापुरता चालतो. मूळ चालीत उंच चढायचे असेल तिथे ती चालच सपाट करून तीन-चार स्वरांत बसवते. सामान्य प्रेमगीतातला ‘मी’, ‘तू’ असा साधा शब्द अशा ठिकाणी ठेवते की त्याला अर्थ येतो.

आपल्या इंदूर-देवासच्या रसिकांना या गोष्टीचे नवल वाटू नये. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्वांनी तोकड्या श्वासातूनच आपली नवी मांडणी घडवली, हे आपण जवळून पाहिले आहे. दोघांचे संगीत अगदी वेगळे. पण जे अपुरे आहे त्यातूनच वळण घडवण्याची जात एक.

जानेवारी १९३७ मध्ये या बैठकींना सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग आला. त्याने तिला ‘लेडी डे’ हे नाव दिले आणि तिने त्याला ‘प्रेझ’ म्हणजे प्रेसिडेंट म्हणायला सुरुवात केली. दोन्ही नावे जन्मभर टिकली. त्याचा सॅक्सोफोन तिच्या ओळींच्या मधल्या जागेत हलकेच बोलतो. ती थांबली की तो येतो, ती आली की तो बाजूला सरतो. आपल्या सारंगी-हार्मोनियमच्या साथीची जिला सवय आहे त्या कानाला ही साथ लगेच ओळखू येते. चांगला साथीदार गायकाची सावली होतो. लेस्टर यंग सावलीही होतो आणि मध्येच प्रश्नही विचारतो.

जे मुद्रित झालेच नाही

वारसा म्हटला की आपण जे आहे त्याकडे पाहतो. जे नाही तेही पाहायला हवे. १९३७-३८ मध्ये बिली काउंट बेसीच्या वाद्यवृंदाबरोबर गावोगाव फिरत होती. तो वृंद ऐन भरात होता आणि त्यात लेस्टर यंगही होता. पण बेसीचा करार एका कंपनीशी आणि बिलीचा दुसऱ्या कंपनीशी. त्यामुळे दोघांची एकही तबकडी ध्वनिमुद्रणगृहात झाली नाही. रेडिओवरून थेट प्रक्षेपित झालेली मोजकी गाणी कोणीतरी घेऊन ठेवली म्हणून आज ऐकायला मिळतात. त्यांत आवाज खरखरतो. पण बिलीच्या मागे पंधरा माणसांचा वृंद कसा उसळत असे, याचा तेवढाच पुरावा आहे.

१९३८ मध्ये ती आर्टी शॉच्या वाद्यवृंदात गेली. गोऱ्या वादकांच्या मोठ्या वृंदाबरोबर कृष्णवर्णीय गायिकेने दौरा करणे त्या काळी जवळजवळ अशक्य मानले जाई. दक्षिणेकडे तिला जेवायला, राहायला जागा मिळत नसे. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तर वृंद गाजत असताना तिला सामान चढवण्याच्या लिफ्टने जायला सांगितले गेले. तिने नोकरी सोडली. या साऱ्या महिन्यांची तिच्या आवाजातली ध्वनिमुद्रणगृहातली खूण म्हणजे एकच गाणे.

केसरबाई केरकरांना आपले गाणे तीन मिनिटांत कोंबणे फारसे रुचत नसे. त्यांच्या मोजक्याच तबकड्या आहेत आणि ज्यांनी त्यांना मैफलीत ऐकले ते जन्मभर म्हणत राहिले की ते गाणे तबकडीत नाहीच. केसरबाईंचा तो स्वतःचा निर्णय होता. बिलीच्या बाबतीत निर्णय करारांनी आणि रंगभेदाने घेतला. परिणाम मात्र सारखाच.

कंपनीने नाकारलेले गाणे

१९३८ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘कॅफे सोसायटी’ नावाचे एक ठिकाण सुरू झाले. गोरे आणि काळे श्रोते तिथे शेजारी शेजारी बसत. त्या शहरातही ही गोष्ट दुर्मीळ होती. तिथे बिलीकडे एक गाणे आले: ‘स्ट्रेंज फ्रूट’. लिहिणारा एबेल मीरोपोल हा ब्रॉन्क्समधला ज्यू शिक्षक. दोन कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने झाडाला लटकवून मारल्याचे छायाचित्र पाहून तो अस्वस्थ झाला आणि त्याने कविता लिहिली; चालही त्यानेच लावली. झाडाला लागलेले विचित्र फळ म्हणजे टांगलेला मनुष्यदेह. झुंडबळींचा त्या देशातला इतिहास एका छोट्या गाण्यात आला होता.

कॅफेत या गाण्याचे ठरलेले विधी होते. ते कार्यक्रमाच्या शेवटी असे. वेटरांनी फिरणे थांबवायचे, दिवे घालवायचे, केवळ तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणे संपले की अंधार. दिवे लागतात तेव्हा ती गेलेली. पुन्हा येऊन नमस्कार नाही, फर्माईश नाही.

ज्या कंपनीशी तिचा करार होता तिने हे गाणे मुद्रित करायला नकार दिला. दक्षिणेतले विक्रेते आणि रेडिओ केंद्रे बिथरतील ही भीती. तेव्हा मिल्ट गॅबलर नावाचा एक तबकड्यांचा दुकानदार पुढे आला. ‘कमोडोर’ या नावाने तो दुकानाच्या जोडीला स्वतःच्या तबकड्याही काढत असे. मोठ्या कंपनीने त्याच्यासाठी गाण्याची तिला परवानगी दिली आणि २० एप्रिल १९३९ रोजी ते गाणे मुद्रित झाले. अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवले नाही. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘फाइन अँड मेलो’ हे तिचे स्वतःचे ब्लूज गाणे होते आणि ज्यूकबॉक्समध्ये तेही भरपूर वाजले.

साठ वर्षांनी, १९९९ मध्ये, ‘टाइम’ साप्ताहिकाने ‘स्ट्रेंज फ्रूट’ला शतकाचे गाणे म्हटले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांची पहिली यादी २००२ ची केली, तिच्यातही ते आहे. राष्ट्राचा ठेवा ठरलेली ही तबकडी राष्ट्रातल्या बड्या कंपनीने नाकारलेली होती आणि एका दुकानदाराच्या हिमतीमुळे ती झाली, हे विसरता कामा नये.

संप, तुरुंग आणि परवाना

१९४१ मध्ये तिने ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ मुद्रित केले. आईशी पैशांवरून झालेल्या भांडणातून हे गाणे सुचले, असे तिने सांगितले आहे. आर्थर हर्झोगबरोबर तिचे नाव त्यावर लेखक म्हणून आहे. गायिका म्हणून नव्हे तर लेखक म्हणून हक्क सांगता येईल अशी जी थोडी गाणी तिच्याजवळ होती, त्यांतले हे एक.

ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तबकड्यांमुळे रेडिओवर आणि मद्यगृहांत जिवंत वादकांची गरज उरत नाही, तेव्हा कंपन्यांनी संघटनेला मोबदला द्यावा, ही मागणी. मोठ्या कंपन्या वर्ष-दोन वर्षे अडून राहिल्या. बिली तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, आवाज पक्व झालेला. आणि नेमका याच काळातला तिचा आवाज फारच थोडा शिल्लक आहे. एका वर्गाच्या न्याय्य भांडणाने संगीताच्या इतिहासात पाडलेली ही पोकळी आहे.

बहिष्कार उठल्यावर १९४४ मध्ये ती डेका कंपनीत आली. तिथे आता तोच मिल्ट गॅबलर काम पाहत होता. तिने त्याच्याकडे व्हायोलिनांचा ताफा मागितला. तंतुवाद्यांची साथ तोवर बहुतेक गोऱ्या गायकांनाच मिळे. ‘लव्हर मॅन’ हे गाणे अशा साथीवर झाले आणि चांगलेच गाजले. तिने मागितलेला मान एकदाचा तिला मिळाला होता.

तो फार टिकला नाही. हेरॉइनचे व्यसन लागलेले होते. १९४७ मध्ये खटला होऊन एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसनच्या तुरुंगातून मार्च १९४८ मध्ये ती सुटली आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कार्नेगी हॉलमध्ये तिच्या गाण्याला तुडुंब गर्दी झाली.

पण शिक्षेबरोबर तिचा न्यूयॉर्कमधला ‘कॅबरे कार्ड’ नावाचा परवाना गेला. जिथे दारू विकली जाते अशा ठिकाणी काम करायचे तर पोलिसांकडचा हा परवाना लागे आणि शिक्षा झालेल्याला तो मिळत नसे. कार्नेगी हॉलमध्ये तिला गाता येई. पण ज्या लहान मद्यगृहांत तिची कला घडली, जिथे तिचे रोजचे पोट भरे, तिथे ती आता गाऊ शकत नव्हती. स्वतःच्या शहरात तिला रोजची जागा उरली नाही. ध्वनिमुद्रणगृहाला मात्र पोलिसांचा परवाना लागत नव्हता. शेवटच्या दशकातल्या तिच्या ध्वनिफितींकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जे गाणे रात्री दोन वाजता पन्नास माणसांसमोर व्हायचे, ते यंत्रासमोर झाले.

१९५२ पासून नॉर्मन ग्रँझ या निर्मात्याने तिला पुन्हा लहान वृंदात बसवले. बेन वेबस्टर, हॅरी एडिसन, ऑस्कर पीटरसन असे पहिल्या प्रतीचे वादक. आता लाँग-प्ले तबकडी आली होती, त्यामुळे तीन मिनिटांची कैद संपली. तरुणपणी गायलेली कितीतरी गाणी तिने या काळात पुन्हा गायली. १९५५ मधल्या एका घरगुती तालमीची टेपही आहे. पियानोवर जिमी रोल्स. दोघे गाण्याची पट्टी जमवताहेत, जुन्या आठवणी काढताहेत आणि बिली मनमोकळी हसते आहे. शोकांतिका म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाने ही टेप ऐकावी. जी बाई इतकी हसू शकते, ती केवळ दुःखाची मूर्ती नव्हती.

मोडलेल्या आवाजाचे काय करायचे?

८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस दूरचित्रवाणीवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. त्यात बिली ‘फाइन अँड मेलो’ गाते. १९३९ च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूचेच गाणे. उंच स्टुलावर ती बसली आहे, भोवती अर्धवर्तुळात कोलमन हॉकिन्स, बेन वेबस्टर, रॉय एल्ड्रिज अशी जुनी मंडळी. लेस्टर यंग फार आजारी होता. वर्षानुवर्षांत दोघांचे पूर्वीचे सख्य उरले नव्हते. त्याची पाळी आली तेव्हा तो उठला आणि त्याने बारा मात्राखंडांचा एकच फेरा वाजवला. मोजके स्वर, एकही जादा नाही. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर आहे. ती मान हलवते, ओठ किंचित हलतात, डोळ्यांत ओळख दाटून येते. हे सारे चित्रफितीत आहे. पंधरा महिन्यांनी, मार्च १९५९ मध्ये, लेस्टर यंग गेला. त्यानंतर चार महिन्यांनी ती.

त्याआधी, फेब्रुवारी १९५८ मध्ये, तिने ‘लेडी इन सॅटिन’ ही तबकडी केली. रे एलिस या संगीतसंयोजकाचा मोठा तंतुवाद्यवृंद तिने आपणहून निवडला होता. आवाज घोगरा झालेला, श्वास पुरत नाही, काही स्वर सुटतात. प्रथम एलिसचीही निराशा झाली. पुढे पूर्ण झालेले मुद्रण शांतपणे ऐकल्यावर त्याचे मत पालटले. या तबकडीवरून रसिकांत आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, थकलेल्या बाईचे हे प्रदर्शन मांडायलाच नको होते. दुसरा म्हणतो, तिने सर्वांत खरे सांगितले ते इथेच. माइल्स डेव्हिससारख्या कसलेल्या कलावंताने त्याच वर्षी तिचे आताचे गाणे आपल्याला अधिक आवडते, ते अधिक पक्व आहे, असे मत दिले होते.

मला या वादात उतारवयातल्या बालगंधर्वांची आठवण होते. त्यांचे त्या काळातले ध्वनिमुद्रण लावले की घरातली तरुण मंडळी विचारतात, यात ऐकण्यासारखे काय उरले आहे? आणि घरातली वडीलधारी माणसे डोळे मिटून दाद देत असतात. त्यांना पूर्वीचा आवाज आठवत असतो म्हणून ते ऐकतात, असे मला फार वर्षे वाटे. आता तसे वाटत नाही. आवाज गेल्यावर गाण्यातला विचार उघडा पडतो. शब्द कुठे ठेवायचा, किती थांबायचे, कुठे सोडून द्यायचे, ही जाण घशात नसते. बिलीचा १९३५ चा आवाज आणि १९५८ चा आवाज एकापाठोपाठ ऐका: आवाज ओळखूही येणार नाही, पण शब्द लयीच्या मागे रेंगाळतो तो अगदी तसाच.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. तिची दर्दभरी गाणीच तेवढी ऐकू नयेत. विल्सनबरोबरच्या खेळकर तबकड्यांपासून सुरुवात करावी, मग कमोडोर, मग डेका, मग ग्रँझची वर्षे आणि शेवटी ‘लेडी इन सॅटिन’. शेवटापासून सुरुवात केली तर फक्त कीव येते. क्रमाने गेले की कीव येत नाही, आदर वाटतो.

मागे काय राहिले

तिने मृत्युपत्र केले नव्हते. ज्याच्यापासून ती वेगळी राहत होती त्या नवऱ्याकडे तिच्या गाण्यांचे उत्पन्न गेले. १९७२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि तिच्या तबकड्यांना नव्याने मागणी आली. १९३३ ते १९४४ या काळातले कोलंबियाकडचे तिचे सारे काम २००१ मध्ये दहा सीडींच्या संचात आले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ते सारे मोलाचे आहे. तरी तो संच हातात घेतला की एकरकमी मजुरी आठवतेच.

ध्वनिमुद्रण आवाज टिकवते, पण न्याय करत नाही. काय मुद्रित व्हायचे हे कंपनी, करार, संघटना, पोलीस आणि कधी एखादा हिंमतवान दुकानदार ठरवतो. गाणाराच्या हाती एवढेच असते की जी तीन मिनिटे मिळाली त्यांत खोटे काही गायचे नाही. बिली हॉलिडेने तेवढे केले.

शेवटी आपल्यापुरती एक गोष्ट. रेडिओवरचे कार्यक्रम कोणी तरी घेऊन ठेवले म्हणून बेसीच्या वृंदातली बिली आज आहे. पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या घरांतही असे काही ना काही असते. आजीच्या ओव्या आणि मंगळागौरीची गाणी घेतलेली कॅसेट, गणेशोत्सवातल्या जुन्या मेळ्यांची किंवा कीर्तनाची स्पूल टेप, कोण्या काकांची हौशी नाट्यपदे. ती वाजवण्याचे यंत्र आता घरात नाही म्हणून ती माळ्यावर पडून आहेत, आणि टेप दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होत असते. यंदा विसर्जनानंतर आवराआवर करताना तो डबा रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून पाहावा. त्यावर कोणाचा आवाज आहे आणि तो कधीचा, एवढे तरी चिठ्ठीवर लिहून ठेवावे.